पिल्लू तिथंच ठेवा

गांधीजयंती जवळ आली की मला फोन यायला लागतात. २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. शाळांना वरून पत्र आलेलं असतं, कार्यक्रम करून फोटो पाठवायचे असतात, आणि प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारी एक बाई पुण्यात राहते, मानधनाचं फार ताणत नाही, ही बातमी एका केंद्रप्रमुखाकडून दुसऱ्याकडे पोचलेली असते. वर्षाचे उरलेले आठवडे वाघ-बिबट्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

बोलणं बहुतेक एकाच वळणाने जातं. तारीख ठरते, एसटी कुठल्या फाट्याला थांबते ते कळतं, आणि मग पलीकडचा आवाज जरा खाली येतो. "मॅडम, येताना एखादा साप आणता येईल का? बिनविषारी चालेल." मी सांगते, साप पकडून शाळेत दाखवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पलीकडे शांतता. मग, "बरं, पीपीटी तरी आहे ना?"

त्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. गळ्यात नाग घालून फणा हातावर नाचवणारा माणूस पोरांनी पाहिलेला असतो, प्रत्यक्ष नाही तर मोबाइलवर. त्याच्यापुढे एक पिशवी आणि चार पुस्तकं घेऊन आलेली बाई म्हणजे अगदीच बेचव प्रकार. मी स्वतः कधी साप पकडलेला नाही, बिबट्या तर नाहीच. मी बसते ते पकडणाऱ्यांजवळ: वनरक्षक, प्राण्यांचे डॉक्टर, आणि मोबाइलवर न दिसणारे जुने सर्पमित्र. त्यांच्याकडून एक गोष्ट इतक्या वेळा ऐकली की आता शाळेत गेल्यावर मी तेवढीच सांगते. वन्यप्राणी वाचवण्याच्या कामातला मोठा भाग पकडण्याचा नसतो, फोनवर लोकांना थोपवण्याचा असतो. हात लावू नका. उचलू नका. उचललं असेल तर जिथून उचललंत तिथं नेऊन ठेवा आणि लांब जा.

आता हे गोष्ट लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देणारं आहे. मराठीत लहान मुलांसाठी प्राण्यांची गोष्ट लिहायची तर साचा पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. वादळ होतं, घरटं पडतं, चिंटूला अंगणात पिल्लू सापडतं. तो ते ओंजळीत घेऊन घरी येतो. आई आधी रागावते, मग विरघळते. कापसाची गादी होते, ड्रॉपरने दूध होतं, पिल्लाचं नाव ठेवलं जातं, आणि शेवटच्या पानावर ते आकाशात भरारी घेतं, चिंटूच्या डोळ्यांत पाणी येतं. वाचणाऱ्याच्याही येतं. या गोष्टीचं मन चांगलं आहे, यात शंका नाही. पण पक्ष्यांच्या डॉक्टरांना ती वाचून दाखवली तर ते पानोपानी कपाळाला हात लावतील. पक्ष्याला दूध पचत नाही. चोच उघडून पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू त्यानेच मरतं. आणि मुळात पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुणणारं पिल्लू बहुतेक वेळा पडलेलं नसतंच. ते उडायला शिकत असतं, आणि त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर चोचीत अळी धरून, चिंटू कधी एकदाचा जातोय याची वाट बघत असतात.

गंमत म्हणजे आमच्या आज्या-आत्यांची एक समजूत या बाबतीत आम्हा लेखकांपेक्षा जास्त उपयोगी ठरली असणार. चिमणीला माणसाने शिवलं की बाकीच्या चिमण्या तिला टोचून मारतात, असं लहानपणी ऐकलं नाही असं मराठी घर क्वचित असेल. ते खरं नाही. हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. बिनपिसांचं पिल्लू खाली पडलं असेल तर उचलून घरट्यात ठेवावं, आई त्याला भरवते. पण या खोट्या धाकापायी किती पिल्लं अंगणातच राहिली असतील आणि संध्याकाळपर्यंत उडून गेली असतील! उलट बाजूही आहे. एकदा उचललेलं पिल्लू 'आता काय, शिवलंच आहे' म्हणून परत न ठेवणारेही याच समजुतीतून निघाले.

मी पिशवीतून बुटाचा रिकामा खोका काढते. झाकणाला पेनाने भोकं पाडते, तळाशी जुना सुती रुमाल अंथरते. खरोखर जखमी पक्षी मिळाला, पंख लोंबतोय, रक्त येतंय, तर त्याला यात ठेवायचं, झाकण लावायचं, खोका अंधाऱ्या शांत जागी ठेवायचा आणि १९२६ ला फोन करायचा. वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, मुलं तो एका दमात पाठ करतात. मग पुढचा प्रश्न येतोच.

"आत खायला काय घालायचं?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही."

"मधून मधून उघडून बघायचं ना?"

"अजिबात नाही."

इथे वर्गाचा माझ्यातला रस निम्मा उतरतो. मला तो उतरलेला रस फार मोलाचा वाटतो. भीतीनेच पक्षी मरू शकतो, आपला डोळा झाकणाच्या फटीत दिसणं हा त्याच्यासाठी शिकाऱ्याचा डोळा आहे, हे मग सांगता येतं. संक्रांतीच्या आसपास गेले तर मांज्याचा विषय निघतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तो अजूनही कुठल्या दुकानात, काय नाव घेऊन मागितला की मिळतो, हे मला चौथीतली मुलं सांगतात. घारीच्या पंखातला स्नायूबंध त्या दोऱ्याने कापला की पुष्कळदा कितीही टाके घातले तरी ती पुन्हा उडत नाही. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतात. मांजा टाकून देतात का, ते मी विचारत नाही.

पोपटाचं मात्र अवघड होऊन बसतं. "आमच्या घरी मिठू आहे," असं कोणीतरी अभिमानाने सांगतंच, आणि त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षकांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागतं. आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे. मी ते सांगते, पण पोराला घरच्यांविरुद्ध उभं करत नाही. घरी जाऊन पिंजऱ्याचं दार उघडू नकोस, एवढं बजावते. वर्षानुवर्षं पेरू-मिरची आयती खाल्लेला पोपट बाहेर कावळ्यांच्या तावडीत सापडतो. त्याला सोडायचीही एक रीत असते.

शहरातल्या शाळा आणि गावातल्या शाळा यांत प्रश्नांचा फरक आहे, पण एक प्रश्न दोन्हीकडे शिक्षकच विचारतात: मग हेमलकशाचं काय? महाराष्ट्राच्या मनात वन्यप्राणी वाचवणं म्हणजे डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारे बिबटे. भामरागडच्या जंगलात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. शिकार करून आणलेल्या माकडिणीच्या छातीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं त्यांनी पाहिलं आणि ते मागून घेतलं, तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. मी म्हणते, नीट ऐका, त्या गोष्टीत आई मेलेली आहे. माडिया माणसं भुकेपोटी शिकार करत होती, आई पोटात गेली होती, पिल्लाला परत ठेवायला जागाच नव्हती. तुम्हाला सापडलेल्या पिल्लाची आई बहुतेक वेळा तीस पावलांवर बसलेली असते. फोटोत हा फरक दिसत नाही, आणि आपण सगळे फोटोच बघून मोठे झालोत.

कोकणात हे फारसं समजवावं लागत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तिकडची मुलं आता कासव या विषयावर मलाच दोन गोष्टी सुनावतात. अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि माणसांपासून जपायला कुंपणात हलवतात, दीडेक ते दोन महिन्यांत पिल्लं निघतात. पण ती उचलून पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात. शंभरेक पिल्लं स्वतःच्या पायांनी, अडखळत, उलटी-सुलटी होत समुद्राकडे जातात आणि दोरीच्या अलीकडे पुण्या-मुंबईची माणसं मोबाइल धरून "अरे, त्याला जरा मदत करा ना" म्हणून कळवळत असतात. तिथल्या एका मुलीने मला तिच्या वडलांचं उत्तर ऐकवलं: "तुम्ही नेऊन सोडलंत तर त्याला किनारा कसा कळणार?" माद्या मोठ्या होऊन जन्मल्या किनाऱ्याकडेच अंडी घालायला येतात, असं मानतात. मला एवढं सुटसुटीत कधी सांगता आलेलं नाही.

सगळ्यात जास्त तयारी करून मी जाते ती जुन्नर वनविभागात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, त्यामागून ऊस आला, उसामागून बिबट्या आला. बारा ते अठरा महिने उभं राहणारं, सावलीचं, ओलाव्याचं पीक, भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला यापेक्षा वेगळं जंगल ते काय हवं? माद्या उसातच वितात. त्या पिल्लांच्या पिल्लांनी डोंगर पाहिलेलाही नसतो. पुण्यातल्या शाळेत मी 'बिबट्या' म्हटलं की "सो क्यूट" ऐकू येतं. इथे म्हटलं की वर्गात एक हालचाल होते, ओळखीच्या माणसाचं नाव निघाल्यावर होते तशी. कोणाची शेळी गेलेली असते, कोणाचा कुत्रा. कोणी विहिरीतला बिबट्या पाहिलेला असतो. बिनकठड्याच्या विहिरीत रात्री पडलेला, कडेच्या कपारीला धरून तरंगणारा. दोर लावून बाज खाली सोडतात, तो तिच्यावर चढून दम खातो, मग पिंजरा. मुलं हे अगदी साग्रसंगीत सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात सगळ्यात मोठा अडथळा बिबट्याचा नसतो, गर्दीचा असतो. "मानसं आयकतच नाईत," एक मुलगा म्हणाला. पकडणाऱ्या डॉक्टरांची तक्रारही नेमकी हीच.

तिथल्या एका शाळेत मी आजोबाची गोष्ट सांगत होते. ही खरी गोष्ट. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. विद्या अत्रेय या संशोधिका आणि वनविभाग यांनी त्याला बाहेर काढलं, गळ्यात उपग्रहाला खबर देणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्क, शांत, म्हणून नाव आजोबा. आजोबा तिथे काही राहिले नाहीत. चालत निघाले. महामार्ग, कसाऱ्याचा रेल्वेचा पट्टा, वसईची खाडी, असं करत साधारण १२० किलोमीटर तोडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचले. इतक्या वस्त्यांमधून गेले, पण कुठे बोभाटा झाला नाही. २०११ च्या डिसेंबरात रस्त्यावर गाडीने उडवलं तेव्हा शेपटीतल्या चिपवरून ओळख पटली.

ही गोष्ट कुठेही रंगते. इथेही रंगली. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुमच्या घराजवळ येतो का बिबट्या?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तुम्हाला आवडणारच की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. त्यानंतर त्या भागात मी गोष्ट सांगायच्या आधी ऐकून घेते. बिबट्या वाईट नाही, आपण त्याच्या घरात घुसलोत, हे शहरात टाळ्या घेणारं वाक्य मी इथे उच्चारत नाही. उसाचं शेत त्या मुलीच्या बापाने कर्ज काढून लावलंय, ते बिबट्याचं घर कसं? आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरमधल्या पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन मुलं आणि एक म्हातारी बिबट्याने मारली, गाव रस्त्यावर उतरलं, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जायला लागल्या. त्या गळ्यांसमोर उभं राहून सहअस्तित्वावर बोलायला कमालीचा निर्लज्जपणा लागतो. अशा वर्गात मी आधी अंधाराबद्दल बोलते. तिन्हीसांजेला एकट्याने बाहेर पडायचं नाही. उसाच्या कडेला वाकून, उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं. जाताना मोठ्याने बोला, गाणी लावा. शेळ्या बंद गोठ्यात. पिल्लांची गोष्ट नंतर.

"पकडून लांब सोडा ना त्यांना," हा प्रश्न तिथे हमखास येतो आणि त्याचं उत्तर मुलांना कळतं, मोठ्यांना पटत नाही. २००१ ते २००३ मध्ये जुन्नरला तेच करून झालं. शेतातले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. नवख्या मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर परत यायला बघतं, नाहीतर तिथल्याच माणसांशी त्याची गाठ पडते. मी विचारते, तुम्हाला उचलून रात्री अनोळखी गावात सोडलं तर काय कराल? "रडंल," एक म्हणतो. दुसरा म्हणतो, "पयला दगूड उचलंल." मग उरतो पिंजरा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे गेलेले कित्येक बिबटे पुन्हा कधीच बाहेर येत नाहीत. जीव वाचतो, पुढचं आयुष्य जाळीच्या आत. मुलं विचारतात, मग त्याला वाचवलं म्हणायचं का? मी त्यांनाच विचारते. वर्गात दोन तट पडतात आणि तास संपतो.

ऊसतोडीच्या हंगामात मात्र सगळं बदलतं. नोव्हेंबरपासून फडात कोयता फिरायला लागला की पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात. आई भक्ष्याला गेलेली किंवा माणसांच्या आवाजाने मागे सरलेली. इथेच हात न लावणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. वनविभागाची माणसं येतात, डॉक्टर पिल्लं तपासतात, चिप बसवतात, आणि दिवस कलायला पिल्लं एका क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच जागी ठेवतात. जवळ कॅमेरा. मग सगळ्यांनी निघून जायचं. आई येते, पिल्लाच्या मानेला धरते आणि एकेक करून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं. पिल्लं परत मिळाली नाहीत तर ती मादी त्या शिवारात पिसाळून फिरते, म्हणजे हे काम पिल्लांइतकंच गावासाठीही असतं.

या रात्रीची गोष्ट मी लिहितेय. तिच्यात नायक काहीच करत नाही, फक्त क्रेटपासून लांब जातो. जमतेय का ते बघायला मी कच्चा मसुदा शाळांत वाचून दाखवते. एका शाळेत मागच्या भिंतीला टेकून एक थोराड मुलगा बसला होता. बीडकडचा, आईबाप तोडीला आलेले, हंगामापुरता या शाळेत. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, म्या धरलंय पिल्लू. मांजरावाणी असतंय. पन मुताचा लई वास." सगळे हसले. मग तो म्हणाला, "तुमच्या गोष्टीत आमची कोपी कुठंय?"

मी म्हटलं, सांग.

पिल्लं सकाळी निघाली. वनवाले आले, म्हणाले तोड थांबवा. मुकादम त्यांच्यावर ओरडला, मग यांच्यावर. टायरगाडी अर्धीच भरलेली. कारखान्याला वजन जाईल तेवढेच पैसे, आणि उचल तर आधीच अंगावर. कोप्या फडाला लागूनच होत्या, त्या मोडून वरच्या अंगाला न्यायला लावल्या. चूल पेटवायची नाही, बॅटरी लावायची नाही. "मायनं धाकल्याला रातभर पोटाशी बांधून ठिवला व्हता. लुगड्यानं."

"आणि आई आली का रे?" एका मुलीने विचारलं. ती बिबट्याच्या आईबद्दल विचारत होती.

"आली आसंल. सकाळी डबा रिकामाच व्हता. तोड मंग दुपारून सुरू झाली. त्या दिसाचं काय भेटलं न्हाई."

क्रेट ठेवणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत, मादी पिल्लू नेताना बघून गळा दाटतोच. कॅमेरा ज्या दिशेला लावलेला असतो तिच्या पाठीमागे ही हलवलेली कोपी असते. वनविभाग शेळी गेली तर पंचनामा करून भरपाई देतो. बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणी करताना मला अजून दिसलेला नाही. कोयत्याने, म्हणजे तोडीला आलेल्या जोडप्याने, त्या रात्री जे सोसलं तेही वन्यजीव वाचवण्याच्या खर्चात धरायला हवं, असं मला वाटतं. त्याच्याइतका हात आखडता घ्यायला आमच्यापैकी कोणाला लागला होता?

मी त्याला विचारलं, गोष्ट कुठून सुरू करू. तो म्हणाला, "आदी फड लिवा. मंग पिल्लू."

आता ती फडापासून सुरू होते. संपादकबाईंचा निरोप आलाय: गोष्ट चांगली आहे, पण सहा ते नऊ वयोगटाला मुकादम, उचल, कोपी, टायरगाडी कळणार नाही, प्रत्येकाला तळटीप द्या. मी कळवलंय, हे शब्द ज्यांना येतात तेही याच वयोगटात मोडतात. तळटीप द्यायचीच तर मी 'राष्ट्रीय उद्याना'ला देईन.